हिरवा दिवा लागला, तरी पिंग का जात नाही?

बोर्डाच्या ईथरनेट जॅकवर दोन बारके दिवे असतात. केबल खोचली आणि हिरवा दिवा लागला की जीव भांड्यात पडतो. मग पिंग मारावं, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राला ‘आहेस का’ असं विचारणारं छोटं पाकीट पाठवावं, तर उत्तर नाही. केबल बदलावी, तेच. स्विचचा पोर्ट बदलावा, तरी तेच. मग बहुतेक जण ड्रायव्हरचा, म्हणजे लिनक्समधल्या हे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड उघडून बसतात, कारण दिवा लागलाय म्हणजे हार्डवेअर ठीक आहे असं मनानं आधीच ठरवलेलं असतं.

मीही असाच बसलो होतो, एका कारखान्यातल्या गेटवेसाठी बनवलेल्या बोर्डापुढे, सलग तीन दिवस. ड्रायव्हरच्या कोडमध्ये दोष नव्हताच. तो कुठे होता ते पुढे येईल. आधी जी गोष्ट मला पहिल्या तासात ठाऊक असायला हवी होती ती सांगतो: हा दिवा नेमकं कोण लावतं, आणि तो कशाची ग्वाही देतो.

मॅक, फाय आणि मधला इंटरकॉम

एम्बेडेड, म्हणजे एखाद्या यंत्राच्या आत बसवायच्या, बोर्डावर ईथरनेटचं काम सहसा दोघांत वाटलेलं असतं. पहिला मॅक. हा प्रोसेसरच्या चिपच्या आतच असतो. मेमरीतून फ्रेम, म्हणजे केबलवरून जाणारा डेटाचा गठ्ठा, उचलायची, तिच्या शेवटी तपासणीचा आकडा जोडायचा, बाहेरून आलेल्या फ्रेमचा आकडा जुळतो का ते बघायचं आणि जुळला तर ती मेमरीत नेऊन ठेवायची, हे त्याचं काम. दुसरा फाय. ही बहुतेक वेळा जॅकच्या शेजारी बसवलेली वेगळी छोटी चिप असते. मॅककडून आलेल्या शून्य-एकांचं केबलवरच्या विद्युत लहरींत रूपांतर करायचं आणि उलट दिशेनंही तेच, हे तिचं काम. फाय आणि जॅक यांच्यामध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, पुष्कळदा ते जॅकच्या पत्र्याच्या खोक्यातच दडलेले असतात.

मॅक आणि फाय यांना जोडणारे रस्ते दोन आहेत, आणि हे दोन वेगळे आहेत हे लक्षात ठेवलं की अर्धा गोंधळ संपतो. एक रस्ता खऱ्या डेटाचा. त्याचे प्रकार म्हणजे एमआयआय, आरएमआयआय आणि गिगाबिटसाठी आरजीएमआयआय. दुसरा रस्ता दोन तारांचा, एमडीआयओ नावाचा. सोसायटीच्या गेटवरचा इंटरकॉम असतो तसा. सामान त्यातून जात नाही, पण ‘कोण आलंय, वर पाठवू का’ ही विचारपूस तिथूनच होते. लिंक आहे का, वेग किती ठरला, हे मॅकचा ड्रायव्हर फायला या इंटरकॉमवरून विचारतो.

हिरवा दिवा बहुतेक बोर्डांवर फाय लावतो. केबलच्या पलीकडच्या फायशी त्याची बोलणी जमली की दिवा लागतो. पुष्कळदा तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू व्हायच्या आधीच तो लागलेला असतो. म्हणजे तो दिवा जॅक, ट्रान्सफॉर्मर, केबल आणि समोरचा स्विच यांच्याबद्दल साक्ष देतो. फाय आणि मॅक यांच्यामधल्या डेटाच्या तारांबद्दल, डेटाला ताल देणाऱ्या क्लॉकबद्दल, मेमरीबद्दल, ड्रायव्हरबद्दल तो काहीही सांगत नाही. दिवा लागूनही पिंग न जाणं यात मग विसंगती काही उरत नाही. उलट, दोष कुठल्या अर्ध्या भागात शोधायचा हे त्या दिव्यानं सांगितलेलं असतं.

एक अपवाद आधीच सांगून टाकतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या पहिल्या तीन पिढ्यांत ईथरनेट यूएसबीवरून जोडलेलं होतं. म्हणूनच ३बी प्लसवर गिगाबिटचा जॅक असूनही वेग ३०० मेगाबिटच्या आसपास अडतो, कारण मध्ये यूएसबी २ आहे. पाय ४ मध्ये मॅक प्रोसेसरच्या चिपच्या आत आला आणि फाय आरजीएमआयआयवर जोडला गेला. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकारच्या बोर्डांबद्दल आहे.

आधी लॉग, मग बूटलोडर

सिरियल कन्सोल, म्हणजे नेटवर्कशिवाय बोर्डाशी बोलायची तार, जोडा आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, शांतपणे वाचा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या असतात: मॅकचा ड्रायव्हर उठला का, त्याला फाय सापडला का, आणि लिंक वर आली का. यातलं पहिलं न घडलेलं सापडलं की पुढचं वाचायची गरज नसते.

मॅकच्या ड्रायव्हरचा लॉगमध्ये मागमूसच नसेल, तर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणारी फाइल) ते उपकरण अजून डिसेबल्ड आहे का, आणि ड्रायव्हर कर्नलमध्ये घेतलाय का, एवढंच बघायचं. ड्रायव्हर येऊन परत गेला असेल आणि उणे ५१७ हा आकडा दिसत असेल, तर ती चूक नाही. ड्रायव्हर कुणाची तरी वाट बघतोय: एखाद्या वीज पुरवणाऱ्या रेग्युलेटरची, क्लॉकची, किंवा रीसेटची पिन ज्याच्या ताब्यात आहे त्या जीपीआयओ (साध्या चालू-बंद पिनांच्या) चिपची. ज्याची वाट बघतोय तो आलाच नाही तर ड्रायव्हर तसाच ताटकळत राहतो. डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीच्या फोल्डरात डिव्हायसेस डिफर्ड नावाची फाइल असते, त्यात असे ताटकळलेले सगळे सापडतात. आणि लॉगमध्ये सगळं ठीक दिसूनही ईथ० हे पोर्टाचं नेहमीचं नाव सापडत नसेल, तर पोर्टांची यादी देणारी आयपी लिंक ही कमांड चालवून बघा. सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्यांत डिव्हाइस ट्रीतून आलेल्या पोर्टाचं नाव एंड० असं होतं, आणि आपल्या जुन्या स्क्रिप्ट ईथ० शोधत बसतात.

यानंतरची चाचणी फुकटची आहे आणि तरी फार कमी जण करतात. बोर्ड यू-बूटमध्ये, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्ये, थांबवा आणि तिथूनच पिंग मारा. तिथून पिंग गेलं, तर सोल्डरिंग, क्रिस्टल, ट्रान्सफॉर्मर, तारा हे सगळं एका झटक्यात संशयातून सुटतं. उरतो तो लिनक्सच्या बाजूचा फरक: डिव्हाइस ट्री, क्लॉक, रेग्युलेटर, ड्रायव्हर. यू-बूटमधूनही गेलं नाही, तर मात्र निष्कर्ष काढायची घाई करू नका, कारण यू-बूटचीही स्वतःची डिव्हाइस ट्री असते आणि तीच चूक तिथेही असू शकते.

याची उलटी बाजू जास्त फसवी आहे. कधी कधी लिनक्समध्ये सगळं चालत असतं ते केवळ यू-बूटनं फाय आधीच नीट लावून ठेवला म्हणून. मग कुणीतरी बूट लवकर व्हावा म्हणून यू-बूटमधलं नेटवर्क काढून टाकतो, आणि दोष कर्नलमध्ये ‘उगवतो’. तो पहिल्यापासून तिथेच होता.

फाय सापडत नाही तेव्हा

इंटरकॉमवर, म्हणजे एमडीआयओवर, ३२ पत्ते असतात, ० ते ३१. प्रत्येक पत्त्यावरच्या चिपला ३२ रजिस्टरं, म्हणजे आकड्यांचे छोटे कप्पे, विचारता येतात. रजिस्टर २ आणि ३ मध्ये चिपचा ओळख क्रमांक असतो. ड्रायव्हर पत्त्यावर हाक मारतो, क्रमांक वाचतो आणि त्यावरून कुठली चिप आहे ते ओळखतो.

उत्तरात सगळीकडे एफ एफ एफ एफ, म्हणजे सगळेच बिट एक, असं आलं, तर तो क्रमांक नव्हे, ती शांतता आहे. एमडीआयओची तार एका रेझिस्टरनं वर ओढून ठेवलेली असते. कुणीच तिला खाली ओढलं नाही तर प्रत्येक बिट एक वाचला जातो. सगळी शून्यं आली तर तार कुठेतरी जमिनीला टेकलीय किंवा पिनचं काम प्रोसेसरमध्ये दुसऱ्याच कुणाला दिलंय, असा संशय धरावा. क्रमांक आला पण वाचागणिक बदलतोय, तर क्लॉकचा वेग किंवा तारेची अवस्था बघावी.

शांतता असली की कारणं मोजकीच. फायला वीज नाही. फाय अजून रीसेटमध्येच अडकलाय. त्याचं २५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल चालत नाही. किंवा तो भलत्या पत्त्यावर बसलाय. पहिली तीन मल्टिमीटर आणि स्कोपनं, म्हणजे विद्युत लहर दाखवणाऱ्या यंत्रानं, पाच मिनिटांत कळतात. रीसेटच्या बाबतीत डिव्हाइस ट्री नीट वाचा: पिन ॲक्टिव्ह लो आहे की हाय (म्हणजे व्होल्टेज खाली असताना रीसेट होतो की वर असताना), हे उलटं लिहिलं गेलं तर ड्रायव्हर फायला उठवायच्या ऐवजी झोपवतो. रीसेट सोडल्यानंतर किती वेळ थांबायचं हेही लिहावं लागतं. डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, १० मिलिसेकंद मागत असेल आणि आपण लगेच हाक मारली, तर उत्तर येत नाही.

चौथं कारण समजावं म्हणून बीगलबोन ब्लॅक या बोर्डाचं उदाहरण देतो. त्यावर एलएएन८७१०ए ही फाय चिप आहे. अशा चिपांना पत्ता कायमचा छापून दिलेला नसतो. रीसेट सुटताक्षणी चिप आपल्या काही पिनांवरचं व्होल्टेज बघते आणि त्यावरून आपला पत्ता ठरवते. त्याच पिना नंतर डेटासाठी वापरल्या जातात. त्या एका क्षणी पिनांवर दुसरंच काही असलं, की पत्ता चुकतो. बीगलबोन ब्लॅकवर वीज चालू होताना कधीमधी हेच व्हायचं: फाय ० ऐवजी २ या पत्त्यावर उठायचा, ड्रायव्हर ० वर हाक मारत राहायचा आणि बोर्ड नेटवर्कशिवाय सुरू व्हायचा. पुन्हा वीज दिली की सगळं ठीक. ज्यांचे बोर्ड दूर कुठेतरी बसवलेले होते त्यांना याचा काय मनस्ताप झाला असेल याची कल्पना करा. अशा दोषात ड्रायव्हरच्या ओळी वाचून काहीच हाती लागत नाही. एमडीआयओवरचे सगळे ३२ पत्ते चाचपून बघितले तरच तो सापडतो.

क्लॉक नाही, तर मॅकही हलत नाही

डेटाच्या रस्त्यावर ताल धरणारा क्लॉक असतो, आणि तो कोण पुरवतो हे प्रकारागणिक बदलतं. एमआयआयमध्ये पाठवण्याचा आणि घेण्याचा, दोन्ही क्लॉक फाय देतो. आरएमआयआयमध्ये ५० मेगाहर्ट्झचा एकच क्लॉक दोघांना सामाईक असतो. तो फायकडून येऊ शकतो, प्रोसेसरकडून येऊ शकतो किंवा वेगळ्या ऑसिलेटरकडून. आरजीएमआयआयमध्ये पाठवणारा स्वतःचा क्लॉक सोबत पाठवतो, दोन्ही दिशांना.

आता एक संदेश, जो रॉकचिप, एसटीएम३२एमपी१ अशा प्रोसेसरांच्या बोर्डांवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकानं एकदा तरी पाहिलेला असतो: ‘फेल्ड टू रीसेट द डीएमए’. वाचणाऱ्याला वाटतं की डीएमए, म्हणजे डेटा थेट मेमरीत नेणारी यंत्रणा, बिघडलं, मेमरीचा काही घोटाळा आहे. प्रत्यक्षात या बोर्डांवरच्या डिझाइनवेअर नावाच्या मॅकचा रीसेट पूर्ण व्हायला त्याचे सगळे क्लॉक चालू असावे लागतात, आणि त्यातला एक क्लॉक बाहेरून, फायकडून येतो. फाय झोपलेला असेल, रीसेटमध्ये असेल किंवा क्लॉकची दिशा डिव्हाइस ट्रीत उलटी लिहिली असेल, तर मॅक रीसेटमधून बाहेरच पडत नाही. ड्रायव्हर काही वेळ वाट बघतो आणि डीएमएच्या नावानं तक्रार करतो. म्हणून हा संदेश दिसला की स्कोपचं टोक फायच्या क्लॉकच्या पायावर टेकवा. लहर दिसते की नाही, एवढंच बघायचंय.

याच जातीचा आणखी एक दोष: बूट होताना काही सेकंद नेटवर्क चालतं आणि मग मरतं. कर्नल बूटच्या शेवटी, ज्या क्लॉकवर कुणीच हक्क सांगितलेला नाही ते बंद करून टाकतो, वीज वाचावी म्हणून. यू-बूटनं चालू केलेला फायचा क्लॉक डिव्हाइस ट्रीमध्ये कुणाच्याच नावावर नसेल, तर तोही त्यात जातो. खात्री करायची तर बूटच्या ओळीत सीएलके-इग्नोर-अनयूज्ड हा पर्याय घालून बघा. शब्दांमध्ये मात्र अंडरस्कोअर द्यायचे. त्यानं नेटवर्क टिकलं तर निदान झालं. पण तो पर्याय कायमचा ठेवू नका. क्लॉक डिव्हाइस ट्रीत फायच्या किंवा मॅकच्या नावावर रीतसर लिहा.

दोन नॅनोसेकंदांचा खेळ

आता त्या दोषाकडे येऊ ज्यात दिवा लागतो, वेग १००० मेगाबिट (म्हणजे गिगाबिट) दिसतो, लॉगमध्ये लिंक अप येतं, आणि तरी एकही पाकीट पोचत नाही. गिगाबिट बोर्डांवर माझा पहिला संशय नेहमी इथेच जातो.

लेझीम पथक डोळ्यांपुढे आणा. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला मुलांचे हात जागा बदलतात. तुम्ही नेमक्या ठोक्यावर फोटो काढला, तर हात हलताना येतील आणि फोटो पुसट होईल. दोन ठोक्यांच्या मधोमध काढला, तर प्रत्येक हात आपल्या जागी स्थिर दिसेल. आरजीएमआयआयमध्ये गिगाबिट वेगाला क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे एक आवर्तन ८ नॅनोसेकंदांचं. डेटा चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांना बदलतो, म्हणजे ठोका दर ४ नॅनोसेकंदांनी पडतो. मूळ योजनेत पाठवणारा डेटा आणि क्लॉक एकाच क्षणी बदलतो. घेणाऱ्याला मात्र फोटो मधोमध हवा आहे. म्हणून क्लॉकला सुमारे २ नॅनोसेकंद उशीर करून पोचवावं लागतं. याला सगळे डिले म्हणतात.

हा डिले घालणार कोण? जागा तीन. बोर्ड काढणारा क्लॉकची तार नागमोडी करून लांबवू शकतो, पण २ नॅनोसेकंदांसाठी सुमारे ३० सेंटीमीटर जास्तीची तार लागते, म्हणून असे बोर्ड विरळा. दुसरी जागा मॅक, तिसरी फाय. यांपैकी एकानंच घालायचा असतो. कुणीच घातला नाही तर फोटो ठोक्यावर पडतो. दोघांनी घातला तर उशीर ४ नॅनोसेकंदांचा होतो, म्हणजे फोटो बरोबर पुढच्या ठोक्यावर. दोन्हीकडे पुसट.

डिव्हाइस ट्रीत हे फाय-मोड या गुणधर्मात लिहितात, आणि त्याचा अर्थ फायच्या बाजूनं वाचायचा असतो. नुसतं आरजीएमआयआय म्हणजे फायनं काही घालायचं नाही. आरजीएमआयआय-आयडी म्हणजे फायनं दोन्ही दिशांना घालायचा. आरएक्सआयडी म्हणजे फक्त मॅककडे जाणाऱ्या दिशेला, टीएक्सआयडी म्हणजे फक्त मॅककडून येणाऱ्या दिशेला. साध्या तारांच्या बोर्डावर बहुधा आयडी हेच बरोबर उत्तर असतं.

इतकं सरळ असूनही यानं मोठा गोंधळ घातला आहे. २०१९ साली कर्नलमध्ये अथेरॉसच्या एआर८०३५ वगैरे फायच्या ड्रायव्हरमध्ये बदल झाला. या चिपा रीसेटनंतर एका दिशेचा डिले आपोआप चालू ठेवतात. नव्या ड्रायव्हरनं डिव्हाइस ट्रीत नुसतं आरजीएमआयआय दिसलं की डिले खरोखर बंद करायला सुरुवात केली, आणि आजवर चुकीचं लिहूनही चालणारे बोर्ड बंद पडले. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, रिअलटेकच्या आरटीएल८२११ई चिपची पाळी आली. तिच्या ड्रायव्हरमधली डिले लावणारी रजिस्टरची जागा चुकीची होती, म्हणजे डिव्हाइस ट्रीत काय लिहिलंय त्याचा फरकच पडत नव्हता. ती चूक सुधारली. ऑलविनर चिपच्या क्युबीट्रकसारख्या अनेक बोर्डांच्या फायलींत नुसतं आरजीएमआयआय लिहिलेलं होतं आणि डिले बोर्डावरच्या पिनांनी लावलेला होता. सुधारलेल्या ड्रायव्हरनं फायलीवर विश्वास ठेवून तो काढून टाकला. सुधारणा जुन्या स्थिर आवृत्त्यांतही गेली, त्यामुळे साधं अपडेट घेतलेल्यांचंही नेटवर्क गेलं. मग एकेका बोर्डाची फाइल शोधून आयडी असं दुरुस्त करावं लागलं. ‘कालपर्यंत चालत होतं, कर्नल बदलला आणि बंद पडलं’ असं कुणी म्हटलं की मी म्हणूनच आधी फाय-मोडची ओळ विचारतो.

डिलेचा संशय पक्का करायची एक सोपी युक्ती आहे. ईथटूल या कमांडनं वेग १०० वर आणा, ऑटोनिगोसिएशन, म्हणजे दोन्ही टोकांनी आपसांत वेग ठरवणं, चालूच ठेवून. १०० वर क्लॉक २५ मेगाहर्ट्झचा होतो, आवर्तन ४० नॅनोसेकंदांचं, आणि डेटा इतका वेळ स्थिर राहतो की २ नॅनोसेकंदांची चूक सहज खपून जाते. १०० वर पिंग सुरळीत आणि १००० वर दिवा असूनही पूर्ण बंद, तर डिलेशिवाय दुसरं काही शोधू नका. मात्र १००० वर लिंकच उभी राहत नसेल तर गोष्ट वेगळी: गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, तेव्हा एखादी जोडी तुटलेली आहे का ते बघा.

सीमेवरचा डिले याहून त्रासदायक. छोटं पिंग जातं, १४७२ बाइटचं जात नाही. सकाळी चालतं, बोर्ड तापला की पाकिटं गळतात. हे भुताटकीसारखं वाटतं, पण कारण तेच: फोटो ठोक्याच्या फार जवळ पडतोय. मोठ्या फ्रेममध्ये बिट जास्त, म्हणून एखादा तरी चुकायची शक्यता जास्त.

माझे ते तीन दिवस

आता माझी गोष्ट. डिव्हाइस ट्रीत आयडी बरोबर लिहिलेलं होतं. दिवा होता, १००० होतं, पिंग नव्हतं. मी मॅकच्या ड्रायव्हरमध्ये जागोजागी प्रिंट टाकत बसलो. चौथ्या दिवशी सकाळी लॉग पुन्हा वरून वाचला आणि एक ओळ दिसली जी मी आधी दहा वेळा ओलांडली होती. फायला जोडलेल्या ड्रायव्हरचं नाव होतं ‘जेनेरिक फाय’.

कर्नलला चिपचा खास ड्रायव्हर मिळाला नाही की तो हा सर्वसाधारण ड्रायव्हर जोडतो. सगळ्या फायमध्ये समान असलेली पहिली काही रजिस्टरं त्याला कळतात, म्हणून लिंक, वेग, सगळं बरोबर सांगतो. पण डिलेची रजिस्टरं प्रत्येक कंपनीची निराळी असतात. ती त्याला ठाऊक नसतात. डिव्हाइस ट्रीत आयडी लिहिलेलं त्यानं वाचलं तरी करणार काय? माझ्या कर्नलमध्ये त्या कंपनीच्या फायचा ड्रायव्हर निवडायचाच राहिला होता. तो निवडला, कर्नल पुन्हा बांधला, आणि पहिलं पिंग गेलं. फायचा ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे नंतर लोड होणारी वेगळी फाइल, म्हणून ठेवला आणि मॅकचा मात्र कर्नलच्या आत, तरीही हेच होऊ शकतं: मॅक उठतो तेव्हा मॉड्यूल अजून आलेलं नसतं आणि जेनेरिकच चिकटून बसतो.

कुठल्या दिशेला गळतंय?

इथवर सगळं जमलंय आणि तरी पाकिटं पोचत नाहीत, तर दिशा वेगळ्या करा. बोर्डाला लॅपटॉप थेट जोडा, लॅपटॉपवर टीसीपीडंप, म्हणजे आलेली-गेलेली पाकिटं दाखवणारा प्रोग्राम, चालू ठेवा आणि बोर्डावरून पिंग मारा. बोर्डाची एआरपीची, म्हणजे ‘हा आयपी कुणाचा’ अशी, विचारणा लॅपटॉपवर दिसली, तर पाठवण्याचा रस्ता ठीक आहे. लॅपटॉपनं दिलेलं उत्तर बोर्डावर दिसलं नाही, तर घेण्याच्या रस्त्यावर दोष आहे. मग ईथटूलचा कॅपिटल एस पर्याय वापरून मॅकचे मोजणीचे आकडे बघा. सीआरसीच्या, म्हणजे फ्रेमच्या शेवटी जोडलेल्या तपासणीच्या आकड्याच्या, चुका वाढत असतील तर फ्रेम मॅकपर्यंत पोचतेय पण विटून पोचतेय, म्हणजे डिले किंवा तार. सगळे आकडे शून्यावर थिजलेले असतील तर फ्रेम पोचतच नाही, म्हणजे क्लॉक किंवा पिनांची नेमणूक. चांगल्या फ्रेमचे आकडे वाढतायत आणि तरी टीसीपीडंपला काही दिसत नाही, तर प्रश्न आता तारांचा नाही, मेमरीचा आणि इंटरप्टचा (‘काम आलं’ म्हणून प्रोसेसरला मारलेल्या हाकेचा) आहे.

या शेवटच्या अवस्थेत प्रोक फोल्डरातली इंटरप्ट्स ही फाइल दोन-तीनदा वाचा. ईथरनेटच्या ओळीतला आकडा वाढत नसेल तर इंटरप्टचा क्रमांक चुकलाय. ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ हा वॉचडॉगचा, म्हणजे अडकलेलं काम हेरणाऱ्या पहारेकऱ्याचा, संदेशही याच घरातला: कर्नलनं पाकीट मॅकच्या रांगेत ठेवलं, पण ‘पाठवलं’ असा निरोप परत आला नाही. कारण इंटरप्ट हरवलेला असतो, नाहीतर पाठवायचा क्लॉकच नसतो. इंटरप्ट येतायत पण डेटा कचरा आहे, तर कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या वेगवान तात्पुरत्या मेमरीचा, संशय घ्या: प्रोसेसर कॅशेतला जुना मजकूर वाचतोय आणि मॅकनं नवा मेमरीत लिहिलाय. असं क्वचित होतं, बहुधा नव्या चिपच्या अर्धवट डिव्हाइस ट्रीमुळे, डीएमए-कोहिरंट हा गुणधर्म नको तिथे लिहिल्यानं.

केबल काढली-घातली तरी लिंकची बातमी लॉगमध्ये येत नसेल, तर फायची स्वतःची इंटरप्टची तार तपासा. डिव्हाइस ट्रीतून ती ओळ तात्पुरती काढली की कर्नल दर सेकंदाला फायला स्वतः विचारत राहतो. त्यानं चालू झालं तर दोष त्या तारेत किंवा तिच्या वर्णनात.

बाकीचं भरभर. १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी दिसला तर डीएचसीपीचं, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सर्व्हरचं, उत्तर आलेलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. दर बूटला आयपी बदलत असेल तर लॉगमध्ये मॅक पत्ता (बोर्डाचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) रँडम घेतल्याची ओळ शोधा. बोर्डाला स्वतःचा पत्ता नाही, म्हणून कर्नल दरवेळी नवा बनवतोय आणि राउटरला दरवेळी नवीन पाहुणा दिसतोय. पत्ता यू-बूटच्या ईथॲडर या व्हेरिएबलमध्ये किंवा डिव्हाइस ट्रीत द्यावा, आणि एकच फाइल शंभर बोर्डांवर टाकताना सगळ्यांचा पत्ता एकच होणार नाही हे बघावं. वेग हातानं १०० फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी डेटा) बांधून टाकायची जुनी सवय असेल तर सोडा. समोरचा स्विच ऑटोवर असेल तर त्याला बोलणीच ऐकू येत नाहीत, वेग तो ओळखतो पण डुप्लेक्स हाफ (एका वेळी एकच दिशा) धरतो, आणि भार वाढला की टकरी आणि सीआरसीच्या चुका सुरू होतात.

दुरुस्ती झाली की तपासायची कशी, हेही ठरवून ठेवा. रीबूट कमांड दहा वेळा दिली आणि दहाही वेळा नेटवर्क आलं, तर त्यानं फार काही सिद्ध होत नाही, कारण पुष्कळ बोर्डांवर रीबूटमध्ये फायची वीज तुटत नाही आणि जुनी रजिस्टरं तशीच राहतात. बोर्डाचा प्लग काढा, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा. हे पन्नास वेळा करायचं. शक्य असेल तर एक रिले लावून रात्रभर आपोआप करायचं, आणि प्रत्येक वेळी फायचा पत्ता, त्याच्या ड्रायव्हरचं नाव आणि सीआरसीचा आकडा फायलीत लिहून ठेवायचा. निम्म्या फेऱ्या केबल आधीपासून लावलेली असताना, निम्म्या बूट झाल्यावर केबल खोचून. सकाळी ती फाइल उघडून सगळ्या ओळी सारख्या आहेत का ते बघायचं, आणि मगच बोर्ड खोक्यात भरायचा.